दाराबाहेरचा माणूस

(जर्मनीतल्या झिंडेलफिंगेन येथे मराठी कुटुंबांसमोर झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



स्मृतिव्याख्यानाला एखाद्या थोर व्यक्तीचं नाव असतं आणि वक्त्याची पहिली काही मिनिटं त्या नावाला वंदन करण्यात जातात. या व्याख्यानाला तसं नाव नाही. महासाथीत इथल्या मराठी कुटुंबांनी आपली जी माणसं गमावली, बहुतेक तिकडे पुण्यात, नाशकात, सांगलीत, नागपुरात, आणि काही इथेही, त्या सगळ्यांसाठी ते आहे. संयोजकांनी विचारलं तेव्हा विषय मीच सुचवला. विषाणूवर आणि लशीवर बोलणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचं आहे ते रुग्णालयाच्या बंद दाराबद्दल, आणि त्याहून जास्त त्या दाराबाहेर उभं राहावं लागलेल्या माणसाबद्दल.

माझी ओळख करून देताना निवेदिकाबाईंनी मला ‘वैद्यकीय क्षेत्रातल्या’ म्हटलं, ते फारच मोठं झालं. मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. डॉक्टर रोग्याशी बोलतात, आम्ही रोग्याच्या नातेवाइकांशी बोलतो. निवृत्त झाले आणि लेकीकडे ब्योब्लिंगेनला आले. त्यामुळे मी जे सांगणार आहे ते नातेवाइकांच्या बाजूनं असेल, हे आधीच कबूल करते. पण रुग्णालयाचं म्हणणंही मला ठाऊक आहे. त्या पगारावर माझं घर चाललं.

मार्च २०२० च्या मध्यात बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचा करोना अध्यादेश निघाला आणि रुग्णालयांत भेटायला जाणं बंद झालं. आपल्या गावाचं रुग्णालय, म्हणजे झिंडेलफिंगेन-ब्योब्लिंगेनचं क्लिनिकुम, त्याला अपवाद नव्हतं. त्याच सुमारास, १३ मार्चला, महाराष्ट्र सरकारनं साथरोग कायदा लागू केला. तो कायदा १८९७ चा. जर्मन अध्यादेशाची शाई ओली होती आणि आपला कायदा जवळजवळ सव्वाशे वर्षं जुना, पण दोघांनी एकाच गोष्टीला हात घातला: आजारी माणूस आत, घरचे बाहेर.

त्या जुन्या कायद्याकडे थोडं वळते, कारण तो आपल्याच मातीतला आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. पुढे तो पुण्यात पोहोचला. सरकारनं सक्तीनं रोगी हलवायला सुरुवात केली, आणि त्याच प्लेगसाठी हा कायदा आला. प्लेग अधिकारी रँडच्या पुण्यातल्या जुलमाबद्दल आपण शाळेत शिकतो, २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी त्याच्यावर गोळी झाडली तेही शिकतो. शाळेत एक गोष्ट मात्र नीट सांगत नाहीत. लोकांच्या संतापात घरात घुसणाऱ्या सोजिरांचा भाग होता तसा रुग्णालयाच्या भीतीचाही होता. माणूस तिकडे नेला की परत दिसत नाही, त्याच्या तोंडात पाणी कोण घालतं कळत नाही, शेवटी काय झालं हे कुणी सांगत नाही. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हल्ला केला होता, तो याच भीतीपोटी. पुढे प्रशासनालाच तोडगा काढावा लागला. जातवार, समाजवार प्लेग रुग्णालयं निघाली. टिळकांनी पुण्यात हिंदू प्लेग रुग्णालय काढलं. तिथं आपल्या माणसांना येता-जाता येई. जातीच्या भिंती पक्क्या करणारा तोडगा होता तो, मला त्याचं कौतुक करायचं नाही. पण लोक कशामुळे शांत झाले ते बघा: औषध तेच राहिलं, फक्त आपलं माणूस जवळ असण्याची सोय झाली.

त्याच साथीत, १० मार्च १८९७ ला, सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेगच्या रोग्यांना त्या मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात नेत होत्या आणि त्यातच त्यांना संसर्ग झाला. साथीच्या वेळी जवळ जाण्यात खराखुरा धोका असतो, हे सावित्रीबाईंच्या मृत्यूनं आपल्याला शिकवलेलं आहे. म्हणून मी ‘दार बंद करणारे निर्दयी होते’ असं बोलणार नाही.

उलट मी म्हणेन की मार्च २०२० मध्ये दार बंद करणं बरोबर होतं. लक्षणं नसलेल्या माणसाकडून रोग पसरतो हे तेव्हा नुकतंच कळू लागलं होतं. एन-९५ मास्क परिचारिकांना पुरत नव्हते, तिथं नातेवाइकांना कुठून देणार? ज्या वॉर्डात केमोथेरपीचा रोगी आहे, मूत्रपिंड बदललेला रोगी आहे, तिथं बाहेरची माणसं रोज ये-जा करू देणं वेडेपणाचं ठरलं असतं. पहिल्या काही आठवड्यांबद्दल कुणी मला विचारलं तर मी रुग्णालयाच्या बाजूनं साक्ष देईन.

माझी तक्रार पुढच्या काळाबद्दल आहे. मास्क आले, चाचण्या आल्या, लस आली. जर्मनीत २७ डिसेंबर २०२० ला, भारतात १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं. तरीही घरचं माणूस म्हणजे गर्दी, हा हिशेब अनेक ठिकाणी बदलला नाही. दारातून किती जण आत गेले ते मोजलं गेलं. आत गेलेला माणूस तिथं काय करतो, हे कुणी मोजलंच नाही.

तो काय करतो ते दोन देशांत वेगवेगळं आहे, आणि इथं बसलेल्या तुम्हा मंडळींना ते माझ्यापेक्षा जास्त जाणवलं असेल.

जर्मन रुग्णालयात नातेवाईक येतो तो वेळ ठरवून. फुलं आणतो, कॉफी घेतो, तासभर बसतो, जातो. रोग्याची अंघोळ, जेवण, बेडपॅन, औषधाची वेळ, सगळं परिचारिका आणि मदतनीस बघतात. आपल्याकडच्या एखाद्या आजींना इथं दाखल केलं आणि सुनेनं डबा आणला, तर सिस्टर नम्रपणे सांगते की आहारतज्ज्ञांनी जेवण ठरवलेलं आहे. नातेवाइकानं इथं हातानं करायचं असं फारसं काही नसतं.

आता आपलं सरकारी रुग्णालय आठवा. वॉर्डात दिवसभर एक हाक ऐकू येते: ‘पेशंटबरोबर कोण आहे?’ ज्याच्याबरोबर कोणी नाही त्याची पंचाईत. केसपेपर काढायचा नातेवाइकानं. रक्ताची बाटली पेढीतून आणायची त्यानं. नमुना प्रयोगशाळेत पोहोचवायचा, बाहेरच्या दुकानातून औषध आणायचं, स्ट्रेचर ढकलत एक्स-रेला न्यायचं, सलाईन संपत आलं की धावत जाऊन सिस्टरला सांगायचं, रात्री खाटेखाली चटई टाकून झोपायचं. एका सिस्टरच्या वाट्याला चाळीस-चाळीस रोगी असतात. नातेवाईक हा त्या व्यवस्थेतला बिनपगारी कर्मचारी आहे. त्याची नोंद कुठल्याही हजेरीपटावर नाही, आणि म्हणून त्याला बाहेर काढताना आपण किती मनुष्यबळ काढून घेतोय हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते जळगावात. जून २०२० मध्ये तिथल्या जिल्हा रुग्णालयात करोनासाठी दाखल झालेल्या ८२ वर्षांच्या एक आजी २ जूनपासून बेपत्ता असल्याचं घरच्यांना सांगण्यात आलं. आठ दिवसांनी, १० जूनला, त्यांचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात सापडला. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले, चौकशा झाल्या, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. निलंबनानं काय साधायचं ते साधो. मला त्यात दिसतं ते असं: खाटेजवळ लेक किंवा नातू बसलेला असता तर आजी उठून गेल्या आणि पंधरा मिनिटांत परत आल्या नाहीत, हे कळायला आठ दिवस लागले नसते. कुणी काही केलं नाही यापेक्षा कुणी बघायला नव्हतं, ही त्या घटनेची मुळातली गोष्ट.

हे बघणं दोन्हीकडे सारखं आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. जर्मनीत नातेवाइकाला अंघोळ घालावी लागत नाही, पण बघावं लागतं. आईला ऐकू कमी येतं, ती ‘हो’ म्हणते तेव्हा तिला कळलेलं नसतं, हे लेकीलाच माहीत असतं. बाबा कधी कण्हत नाहीत, म्हणून आज ते कण्हतायत याचा अर्थ काय, हे मुलालाच कळतं. विसराळूपणा वाढलेल्या म्हाताऱ्यासमोर जेवणाचं ताट ठेवलं आणि अर्ध्या तासानं उचललं, तर नोंद होते ‘जेवण दिलं’. तो जेवला की नाही, हे बघणारं माणूस वेगळं असतं. आणि ज्याला भाषाच येत नाही त्याचं काय? २०२० च्या वसंतात किती तरी आई-वडील नातवंडांना भेटायला म्हणून इकडे आले आणि विमानं बंद झाल्यानं अडकले. माझ्या ओळखीतल्या एका काकूंना त्या काळात दाखल करावं लागलं. त्यांना जर्मन येत नाही, इंग्रजी जेमतेम. मुलगा बाहेर गाडीत बसून फोनवरून दुभाष्याचं काम करत होता. सिस्टर चांगली होती, स्वतःचा फोन कानाला लावून द्यायची. पण रात्री दोनला काकूंना छातीत जळजळ होतेय की छातीत दुखतंय, हे कोण सांगणार? त्या बऱ्या झाल्या, घरी आल्या. नंतर म्हणाल्या, ‘मला मरणाची भीती नव्हती गं, मला वाटलं, मी काय म्हणतेय ते कुणालाच कळणार नाही.’

फोननं थोडं काम केलं, ते नाकारत नाही. महाराष्ट्रात आणि इथंही परिचारिकांनी पीपीई किटमधल्या घामात टॅब हातात धरून हजारो कुटुंबांना शेवटचं बोलू दिलं. त्यांच्या वाट्याला जे आलं ते कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हतं. लेक पडद्यावर ‘बाबा, डोळे उघडा’ म्हणतेय आणि टॅब धरलेली पंचविशीतली मुलगी दुसरीकडे बघतेय, अशी दृश्यं त्यांनी रोज पाहिली. त्यांच्या मनावर काय झालं, याचा हिशेब अजून कुणी मागितलेला नाही.

आता थोडी शास्त्राची साक्ष, कारण भावनेवर निर्णय घेता येत नाहीत असं आपल्याला नेहमी सांगतात. अतिदक्षता विभागात रोग्याला भ्रम होतो, वेळ-काळाचं भान सुटतं, भलतंच दिसतं. डॉक्टर त्याला डेलिरियम म्हणतात. त्यानं मृत्यूचा धोका वाढतो आणि वाचलेल्यांची स्मरणशक्तीही पुढे बरेच महिने त्रास देते. महासाथीच्या सुरुवातीच्या महिन्यांतला, १४ देशांतल्या २,०८८ करोना रुग्णांचा अभ्यास २०२१ मध्ये ‘लॅन्सेट रेस्पिरेटरी मेडिसिन’मध्ये आला. ज्यांना घरच्यांची भेट मिळाली, प्रत्यक्ष किंवा पडद्यावरून, त्यांच्यात हा भ्रम होण्याचं प्रमाण जवळजवळ पाव हिश्श्यानं कमी होतं. झोपेच्या काही औषधांनी मात्र तो वाढत होता. म्हणजे ज्या खर्चानं आपण रोग्याला गुंगीत ठेवत होतो, त्यातला छदामही न लागता बायकोचा आवाज काही तरी काम करत होता.

दुसरा अभ्यास फ्रान्समधला, २०२२ चा, नातेवाइकांचा. फुप्फुसं निकामी होऊन अतिदक्षता विभागात गेलेल्या रुग्णांच्या घरच्यांना तीन महिन्यांनी विचारलं. करोना सोडून इतर कारणांनी दाखल झालेल्यांच्या घरच्यांत साधारण १९ टक्के लोकांत मानसिक आघाताची लक्षणं होती. करोनाच्या रुग्णांच्या घरच्यांत ३५ टक्के. त्याची कारणं अनेक असतील, एकट्या बंद दाराला दोष द्यायला मी शास्त्रज्ञ नाही. पण इतकी वर्षं नातेवाइकांशी बोलून मला एक कळलं आहे. डोळ्यांदेखत गेलेल्या माणसाचं दुःख जड असतं, तरी त्याला आकार असतो. न बघता गेलेल्याचं दुःख रात्री परत परत प्रश्न विचारतं: तहान लागली असेल का? आपल्याला हाक मारली असेल का? आपण सोडून गेलो असं वाटलं असेल का? आणि त्याला उत्तर देणारं कुणी नसतं.

अपवादांबद्दल आता बोलायला हवं, कारण खरा गुंता तिथं आहे. जर्मनीत बहुतेक ठिकाणी नियमाला अपवाद होते: प्रसूतीच्या वेळी बाळाचा बाप, आणि मरणाऱ्या माणसाजवळ घरचे. कागदावर हे माणुसकीचं आहे. पण मरणारा कोण, हे ठरवायचं कुणी आणि कधी? करोनाचा रोगी संध्याकाळी बोलत असतो, पहाटे व्हेंटिलेटरवर जातो, आणि व्हेंटिलेटरवर जाताना त्याला झोपवतात. डॉक्टर जेव्हा फोन करून ‘आता या’ म्हणतात, तेव्हा बरेचदा तो माणूस आधीच झोपेत असतो. म्हणजे बोलता येत होतं तोवर दार बंद, आणि दार उघडलं तेव्हा बोलणं संपलेलं. डॉक्टरचाही यात दोष नाही. कुठल्या डॉक्टरला घाईनं ‘हा वाचणार नाही’ असं लिहायला आवडेल? ज्या परवानगीसाठी आधी मरण जाहीर करावं लागतं, ती परवानगी उशिराच येणार, हे नियमाच्या रचनेतच होतं.

इतर देशांनाही ठेच लागल्यावरच शहाणपण आलं. मार्च २०२० अखेर न्यूयॉर्कमधल्या मोठ्या रुग्णालयांनी बाळंतिणीबरोबर नवऱ्यालाही येऊ द्यायचं बंद केलं. इतका गदारोळ झाला की २८ मार्चला गव्हर्नरांना आदेश काढून ते थांबवावं लागलं. लंडनमध्ये ३० मार्चला एक १३ वर्षांचा मुलगा रुग्णालयात करोनानं गेला. जवळ घरचं कुणी नव्हतं, आणि आई व भावंडं विलगीकरणात असल्यानं त्याच्या अंत्यविधीलाही जाऊ शकली नाहीत. दोन आठवड्यांनी ब्रिटनच्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केलं की शेवटचा निरोप घ्यायला जवळच्या माणसांना शक्य तिथं येऊ द्यावं.

ब्रिटनचं नाव आलं म्हणून एक जुनी गोष्ट सांगते, तिचा इथं फार संबंध आहे. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या रुग्णालयांत लहान मुलांना आई-वडिलांनी भेटायला जायचं तर आठवड्यातून तासभर, काही ठिकाणी तेही नाही. कारणं दोन सांगत: संसर्ग, आणि आई गेल्यावर मूल जास्त रडतं. दोन्ही कारणं शास्त्रीय वाटत. १९५२ मध्ये जेम्स रॉबर्टसन या सामाजिक कार्यकर्त्यानं रुग्णालयात दाखल झालेल्या दोन वर्षांच्या मुलीवर एक छोटा चित्रपट केला. त्यात भयानक असं काही घडत नाही. ती मुलगी हळूहळू रडायची थांबते आणि आईकडेही बघेनाशी होते, एवढंच. डॉक्टरांनी तो आधी धुडकावला. पण १९५९ मध्ये सरकारनं नेमलेल्या प्लॅट समितीनं शिफारस केली की मुलांना भेटण्यावर बंधन नको. शिफारस झाली आणि रुग्णालयं ती पाळेनात, म्हणून १९६१ मध्ये आयांनी संघटना उभी केली. आज कुठल्याही रुग्णालयात लहान मुलाजवळ आई असणं ही गोष्ट आपल्याला हवेइतकी स्वाभाविक वाटते. ती एका पिढीनं भांडून मिळवलेली आहे. महासाथीत ती क्षणात परत गेली नाही, बहुतेक देशांत मुलांजवळ एक पालक राहू दिला गेला. म्हणजे एकदा हक्क म्हणून बसलेली गोष्ट साथीतही टिकते. म्हाताऱ्यांच्या बाबतीत तसा हक्क कुणी बसवलेलाच नव्हता, म्हणून त्यांचं दार सगळ्यात आधी बंद झालं आणि सगळ्यात उशिरा उघडलं.

तुमच्यापैकी बहुतेकांचं दार मात्र रुग्णालयाचं नव्हतंच. तुमचं दार विमानतळावर बंद झालं. मार्च २०२० च्या चौथ्या आठवड्यात भारतानं आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं थांबवली. मे महिन्यात ‘वंदे भारत’ची विमानं सुरू झाली तेव्हाही ओसीआय कार्डवाल्यांची, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांची, प्रवासाची सवलत काही काळ स्थगित होती. नवरा-बायको भारतीय पासपोर्टवर जाऊ शकतात आणि इथं जन्मलेलं तान्हं मूल जाऊ शकत नाही, अशी घरं मला माहीत आहेत. मग दुसरी लाट आली. २६ एप्रिल २०२१ पासून जर्मनीनं भारताला विषाणूच्या नव्या प्रकाराचा प्रदेश ठरवलं: परत यायचं तर १४ दिवस सक्तीचं विलगीकरण, आणि येऊ देणार ते फक्त जर्मन नागरिकांना आणि इथल्या रहिवाशांना. ऐन त्याच आठवड्यांत पुण्यात, नागपुरात ऑक्सिजनची खाट मिळवण्यासाठी माणसं रात्रभर फोन करत होती. तुम्ही इथून करत होतात. साडेतीन तासांच्या फरकानं, गाडीच्या कारखान्यातली पाळी सांभाळत, ‘खाट आहे का’ विचारत. आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवर पुण्याच्या वैकुंठ स्मशानभूमीतला धूर.

शेवटच्या दर्शनाबद्दल एक गोष्ट नोंदवून ठेवायला हवी. १५ मार्च २०२० लाच भारताच्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं मृतदेहांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. त्यात स्पष्ट होतं की कर्मचाऱ्यांनी काळजी घेऊन पिशवीची चेन उघडून नातेवाइकांना चेहरा दाखवायला हरकत नाही. स्पर्श न करता करायचे विधीही चालतील. म्हणजे तोंड बघायची परवानगी पहिल्या दिवसापासून होती! तरीही कितीतरी घरांना सांगण्यात आलं की ‘नियम नाही’. भीतीपोटी, घाईपोटी, माणसं कमी म्हणून. नियम नव्हता असं नाही, नियम वाचणारा नव्हता.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं १९ जून २०२० ला दिलेल्या आदेशाचंही तेच झालं. मृतदेह आणि रुग्ण शेजारी-शेजारी असल्याच्या बातम्यांवरून न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली होती. त्या आदेशात होतं की करोना रुग्णालयांनी रुग्णाच्या इच्छुक अशा एका नातेवाइकाला आवारात, ठरवून दिलेल्या जागी, थांबू द्यावं, आणि चौकशीसाठी मदतकक्ष ठेवावा. आवारात, खाटेजवळ नव्हे. तरी ते पाऊल मोठं होतं. किती रुग्णालयांत ही जागा आखली गेली, हे तुम्हीच आठवून बघा. दुसऱ्या लाटेत ग्रामीण भागांतल्या अनेक सरकारी रुग्णालयांत नातेवाईक सरळ करोना वॉर्डात शिरून आपापल्या माणसांची सेवा करत होते, कारण सेवा करायला दुसरं कुणी नव्हतं. टीव्हीवर त्याला बेशिस्त म्हणाले. मला ती व्यवस्थेनं मूकपणे दिलेली कबुली वाटली.

जर्मनीनं कायद्यात लिहिलं, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. नोव्हेंबर २०२० मध्ये संसर्ग संरक्षण कायद्यात नवं कलम आलं. त्यानुसार वृद्धाश्रम आणि रुग्णालयांतल्या भेटींवरच्या निर्बंधांमुळे कुणी पूर्ण एकाकी पडता कामा नये, किमान सामाजिक संपर्क राहिलाच पाहिजे. आधी सप्टेंबरमध्ये आरोग्यमंत्री येन्स श्पान यांनी, आजचं ज्ञान असतं तर वृद्धाश्रमांची दारं तशी बंद केली नसती, अशा अर्थाचं जाहीर विधान केलं होतं. १८ एप्रिल २०२१ ला बर्लिनमध्ये राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांनी मृतांसाठी राष्ट्रीय स्मृतिसभा घेतली आणि एकटं मरणाऱ्यांचं दुःख बोलून दाखवलं. आपल्याकडे तशी सभा झाली नाही. दिवे लावले होते, थाळ्या वाजवल्या होत्या, पण ते सुरुवातीला. गेलेल्यांसाठी देशानं मिळून उभं राहणं राहूनच गेलं. आजचं हे व्याख्यान म्हणूनच मला मोलाचं वाटतं.

पण जर्मन कायद्यातला ‘किमान’ किती, ते प्रत्येक रुग्णालयानं आपापल्या परीनं ठरवलं. एक माणूस, दिवसाला एक तास, हा प्रकार पुष्कळ ठिकाणी चालला. आज कुणाला बोलवायचं, हे दोन मुलं असलेल्या आईनं ठरवायचं. भेटायला येणाऱ्यांना चाचणीची सक्ती २०२३ च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत आणि मास्कची एप्रिलपर्यंत होती. मास्कला माझा विरोध नाही, मास्क लावून हात धरता येतो.

मला काय हवं होतं, आणि पुढच्या वेळी काय हवं, ते सरळ सांगते. प्रत्येक रुग्णाचं एक माणूस, नाव नोंदलेलं, मास्क आणि चाचणीनिशी, दाखल झाल्याच्या दिवसापासून. मरणाची वाट न बघता. त्याला भेटायला येणारा न समजता उपचार करणाऱ्या चमूतला एक समजायचं, आणि परिचारिकेला जे संरक्षण ते त्यालाही द्यायचं. खर्च होईल. तो जळगावच्या आठ दिवसांपेक्षा कमी असेल.

हे इथं सांगण्याचं कारण आहे. ब्योब्लिंगेन आणि झिंडेलफिंगेनच्या मधे, जुन्या विमानतळाच्या जागेवर, फ्लुगफेल्डवर नवं मोठं रुग्णालय बांधायला घेतलं गेलं. दोन्ही गावांची रुग्णालयं तिथं एकत्र आणण्यासाठी ते आहे. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं याच बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्यात परिचारिका आहेत. म्हणजे उद्या इथल्या खाटेजवळ साताऱ्याची किंवा अकोल्याची मुलगी उभी असू शकते, आणि तिच्या घरचं कुणी साताऱ्यात दाखल असू शकतं. साथ पुन्हा येईल तेव्हा दाराच्या दोन्ही बाजूंना आपलीच माणसं असतील. तेव्हा रुग्णालयाच्या व्यवस्थापनाला आत्ताच विचारा, लेखी विचारा, नगरपरिषदेतल्या तुमच्या प्रतिनिधीमार्फत विचारा: पुढच्या साथीत भेटीचा नियम काय असणार आहे? साथ आल्यावर विचारायला गेलात तर दारावरच्या सुरक्षारक्षकाशी बोलावं लागेल.

दुसरं काम घरातलं. १ जानेवारी २०२३ पासून जर्मन कायद्यानं नवरा-बायकोला एकमेकांच्या वतीनं आरोग्याचे निर्णय घेता येतात, तेही जास्तीत जास्त सहा महिने. मुलांना तो अधिकार आपोआप मिळत नाही, भावाला नाही, जिवलग मित्राला तर नाहीच. त्यासाठी आधीच मुखत्यारपत्र करून ठेवावं लागतं. तुमच्यासाठी कुणी बोलायचं, कुणी आत यायचं, ते नाव आज लिहा, आणि पुढच्या खेपेला तिकडे जाल तेव्हा आई-वडिलांकडूनही लिहून घ्या. ते हसतील, ‘आत्ताच कशाला’ म्हणतील. तरी घ्या. जर्मन केंद्रीय न्याय मंत्रालयाचे मुखत्यारपत्राचे फॉर्म मागच्या टेबलावर ठेवले आहेत, फुकट आहेत, जर्मनमध्ये आहेत. भरायला मदत लागली तर चहानंतर मी इथंच आहे.